बटण दाबण्याआधीचे तीस सेकंद

गुलटेकडी, पुणे
३ नोव्हेंबर २०२२

माननीय पोलीस नाईक साहेब,

नमस्कार लिहीत नाही. दिवसभर तुम्हाला पुष्कळ मिळत असतील.

आपण माझा नंबर ब्लॉक केला आहे, म्हणून हे रजिस्टर पोस्टानं, पोहोचपावतीसकट. पाकिटावर मुद्दाम पूर्ण नाव घातलं आहे, समाधान भीमराव ओव्हाळ. मांजरीच्या तुमच्या फ्लॅटच्या दारावर 'समाधान – आम्रपाली' एवढीच पाटी आहे ना? निदान पोस्टमनला आणि वॉचमनला तरी कळू दे की तुम्हाला बाप आहे.

त्या बापाची खबर अशी, की उजव्या कानाचा पडदा फाटला आहे. डॉक्टर म्हणाले, भरून येईल किंवा येणारही नाही. टीव्ही मोठा लावतात. मी उजवीकडून बोलले तर 'काय?' म्हणतात आणि हसतात. ते हसणं मला बघवत नाही.

काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. पण कागदावर आलं पाहिजे म्हणून लिहिते. (हे आपण-बिपण मला जमायचं नाही, सोडते.) शुक्रवारी, २८ ऑक्टोबरला, दुपारी चारच्या सुमारास आबा नेहमीप्रमाणे स्वारगेटला अमीनचाचांच्या चाव्यांच्या टेबलापाशी बसले होते. तीस वर्षं पीएमटीची बस हाकलेला माणूस, रिटायर झाला तरी चार बस बघितल्याशिवाय त्याचा दिवस सरत नाही. तुमची गाडी आली, फुटपाथ मोकळा करायला. तुमच्या फौजदार साहेबांनी, त्यांचं नाव लिहून कागद खराब करत नाही, चाचांचं टेबल लाथेनं उडवलं. चाव्या रस्त्यावर. आबा उठून एवढंच म्हणाले, "साहेब, या तुमच्या शिपायाच्या छातीवर कॅमेरा आहे, पण दिवा लागलेला नाही. कारवाईच्या आधी तो चालू करायचा असतो आणि समोरच्याला तसं सांगायचं असतं."

हे त्यांना मी शिकवलं होतं. नियम माहीत असला की माणूस सुरक्षित राहतो, असं मला वाटत होतं. शिकलेल्यांचा मूर्खपणा, दुसरं काय.

त्यावर साहेबांनी त्यांच्या कानाखाली वाजवली, असं आबा सांगतात. वर गुन्हा आबांवरच, शासकीय कामात अडथळा. सत्तर वर्षांच्या माणसाला मी कोर्टातून जामिनावर सोडवून आणलं. एफआयआरची प्रत माझ्यापुढे आहे. एका ओळीत आरोपी भीमराव कचरू ओव्हाळ, खाली साक्षीदार पोलीस नाईक समाधान ओव्हाळ. आणि हे वाक्य: 'कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली असल्याने चित्रीकरण होऊ शकले नाही.'

ज्याच्या छातीवर दिवा नव्हता तो शिपाई तू. समोर बाप मार खातोय आणि तू उभा राहून बघितलंस. आई गेल्यावर तू मांजरीला निघून गेलास, दोन वर्षं फिरकला नाहीस, ते मी गिळलं. हे गिळणार नाही. साहेबाला धरीनच, पण आधी तुला. हे नीट वाचून ठेव.

दीक्षा


९ नोव्हेंबर २०२२

समाधान,

पोहोचपावती आली. सही तुझीच, लहानपणापासून अक्षरं जशी मागे झुकतात तशीच. म्हणजे वाचलंस.

तुमच्या कॅमेऱ्यांचं परिपत्रक मी मिळवलं. सतरा नियम आहेत. तू ते वाचलेले नसणार, तुला शाळेतही गाईड लागायचं, म्हणून तुझ्या कामाचे तेवढे सांगते. शिफ्ट संपली की कॅमेरा चौकीतल्या डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत, लावायचा, चित्रीकरण आपोआप वरच्या सर्व्हरवर जातं. पुसण्याचा अधिकार घालणाऱ्याला नाही. त्यानं फक्त प्रकार निवडायचा. 'बळाचा वापर' निवडलं तर तीन वर्षं राहतं. 'नेहमीची गस्त' निवडलं तर तिसाव्या दिवशी आपोआप जातं, कुणाच्या बोटाला डाग नाही.

आता बॅटरीचं. अमीनचाचा म्हणाले, थप्पड बसल्यावर तुझा साहेब ओरडला, "आता चालू कर, म्हातारा शिव्या देईल, त्या येऊ देत." आणि तुझ्या छातीवर लाल दिवा लागला. मेलेल्या बॅटरीवर दिवा लागला! आबा शिव्या देणाऱ्यातले नाहीत. तुम्हाला हवं ते मिळालं नाही, म्हणून एफआयआरमध्ये बॅटरी मारलीत आणि चित्रीकरण 'नेहमीची गस्त' म्हणून टाकून दिलंत. मी पैजेवर सांगते.

यात एक मोठी चूक तू केलीस. जूनमध्ये कॅमेरे मिळाले तेव्हा तू मला फोन केला होतास, सहा महिन्यांनी, तोही लॉगिन कसं करायचं ते विचारायला. खराडीत माझं कामच हे. अमेरिकेतल्या एका गावच्या पोलिसांचे असे व्हिडिओ साठवणारं सॉफ्टवेअर आम्ही तपासतो. तेव्हा मी तुला सांगितलं होतं, हा कॅमेरा चालू नसतानाही बघत असतो. बटण दाबलं की त्याच्या आधीचे तीस सेकंद तो स्वतःहून जोडतो. आवाज नसतो, चित्र असतं. तू "हो हो, कळलं" म्हणालास. मागे आम्रपाली वहिनी काहीतरी विचारत होती, तुझं लक्ष तिकडे होतं.

ते आपलं शेवटचं धड बोलणं. आणि त्यातलं कामाचं तेवढं तू ऐकलं नाहीस.

तर ती थप्पड त्या तीस सेकंदांत आहे. २७ नोव्हेंबरला ती पुसली जाईल. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराला तीस दिवस, आणि चित्रीकरणाचं आयुष्यही तीस दिवस. ज्यानं ही मांडणी केली त्याला घरी बोलावून ओवाळलं पाहिजे. पण नववा नियम असा आहे, की ज्याचं चित्रीकरण झालं त्यानं स्वतःच्या सहीनं अर्ज दिला, तर ते त्याच दिवशी राखून ठेवावं लागतं आणि आठवड्याच्या आत त्याला दाखवावं लागतं. फक्त आबांची एक सही.

अठरा दिवस आहेत. झोप नीट.

दीक्षा


१५ नोव्हेंबर २०२२

समाधान,

काल वहिनी आली होती. डब्यात पुरणपोळ्या. तुम्हाला ही भीतीची पोळी लाटायला आठ दिवस लागले.

ती बिचारी चांगली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. म्हणाली, "ताई, यांची पुढच्या महिन्यात बढतीची यादी आहे. घरातलं घरात मिटवू या ना." मी म्हटलं, "घरातलं? कुठल्या घरातलं? आबा एकदा तुमच्या घरी आले होते, माहिती आहे का?" तिला माहीत नव्हतं. तुलाही नसेल. मागच्या आंबेडकर जयंतीला पिशवीत कलिंगड घेऊन ते दोन बस बदलून मांजरीला आले. दारावरची पाटी वाचली. बेल न वाजवता परत आले. कलिंगड आम्ही दोघांनी खाल्लं. मला म्हणाले, "कुलूप होतं."

पाटीचं मला अमीनचाचांकडून कळलं. त्यांना ते सगळं सांगतात, मला नाही.

वहिनीला चहा दिला. पोळ्या परत पाठवल्या. आबांना एक ठेवायची होती, मी ठेवू दिली नाही.

आता खरं सांगते, कारण तुला आनंद होईल, आणि तो थोडेच दिवस टिकणार आहे. आबा सही करत नाहीत. सहा दिवस मी अर्ज घेऊन मागे फिरते आहे. कधी म्हणतात चष्मा सापडत नाही. कधी म्हणतात, "सोड ना पोरी, कोर्टात काय व्हायचं ते होईल." मी म्हटलं, कोर्टात शिक्षा होईल. तीस वर्षं एक अपघात नाही, एक मेमो नाही, म्हणून ज्याला शाल मिळाली, त्याच्या नावापुढे गुन्हेगार लागेल. तर म्हणतात, "लागू दे."

माझा तोल गेला. म्हटलं, "त्या साहेबाची एवढी कसली भीती?" ते म्हणाले, "साहेबाची नाही." कळलं. तुझी नोकरी जाईल याची भीती. तू तिथे बुजगावण्यासारखा उभा राहिलास, आणि हा माणूस अजून तुझ्या बढतीला जपतोय.

चाचांना म्हटलं, तुम्ही तरी साक्ष द्या. चाचा म्हणाले, "बेटा, मी तर खाली वाकून चाव्या गोळा करत होतो. मारताना नाही बघितलं." दिवा लागलेला बघितला, साहेबाचं बोलणं ऐकलं, आणि थप्पड तेवढी दिसली नाही. सगळे तुला वाचवायला निघाले आहेत. तुझ्यात असं काय आहे, ते मला तरी कधी दिसलं नाही.

बारा दिवस आहेत. मी रस्ता काढीन.

दीक्षा


२१ नोव्हेंबर २०२२

समाधान,

काढला.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनीचा हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे हे दरवर्षी सहीनं पटवून द्यायचं. गेली काही वर्षं आबांचे ते कागद मीच भरते. काल रविवारी दुपारी जेवण झाल्यावर चार कागद पुढे केले, दाखल्याचे म्हणून. तिसरा नवव्या नियमाचा अर्ज होता. आबांनी नेहमीसारखा चष्मा पुसला, चारही ठिकाणी सही केली आणि पेनाचं टोपण लावून माझ्या हातात दिलं. "झालं ना तुझं?" म्हणाले. म्हटलं, "झालं."

बापाला फसवलं. लिहायला लाज वाटत नाही. त्यांच्या भल्यासाठी केलं असंही म्हणत नाही, कारण सही घेताना माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा कान नव्हता, तुझं तोंड होतं. कागद टेबलावर येईल तेव्हा ते कसं होईल ते.

आज सकाळी खराडीला न जाता अर्ज वरच्या कार्यालयात दिला. बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. म्हणाल्या, "आहे. अठ्ठावीस ऑक्टोबर, चार वाजून अकरा मिनिटं. प्रकार, नेहमीची गस्त." मी पैज जिंकले. त्यांनी माझ्यासमोर ते राखून ठेवलं आणि शिक्का मारला. आता ते तू, तुझा साहेब किंवा सत्ताविसावी तारीख, कुणीच पुसू शकत नाही.

शुक्रवारी अकरा वाजता आबांना दाखवणार आहेत. मला सोबत बसायची परवानगी आहे. तुला कळवायचं की नाही याचा नियम नाही, पण मी कळवते. चार दिवस तू पोलीस चौकीत बसून, प्रत्येक फोन वाजला की दचकावंस, म्हणून.

बॅटरी उतरली म्हणे! आता तुझी उतरेल.

दीक्षा


२६ नोव्हेंबर २०२२

दादा,

दोन वर्षांत हा शब्द लिहिला नव्हता. काल ते बघताना तोंडातून निघाला, म्हणून लिहिते. प्रेमानं नाही.

छोटी खोली होती. एक एसीपी मॅडम, एक शिपाई, आबा आणि मी. मी आबांच्या डाव्या बाजूला बसले, ऐकू यावं म्हणून. अर्जाचं मी त्यांना रिक्षातच सांगितलं होतं. 

आधी आवाज नव्हता. चाचांचं टेबल आडवं पडलेलं, चाचा वाकलेले. तुझा साहेब उजवीकडे, आठ-दहा फूट लांब, एका हातात मोबाईल, दुसरा हात खिशात. आणि मधोमध आबा, अगदी जवळ. आबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. त्याच्या थोडं वर बघत होते. तुझ्या तोंडाकडे. साहेब काहीतरी बोलला, हनुवटीनं आबांकडे दाखवलं. खिशातला हात खिशातच होता. मी त्या हाताकडे बघत होते, आता निघेल, आता निघेल.

आणि पडद्याच्या डाव्या कडेतून एक हात आला.

अनामिकेचं टोक नव्हतं. सायकलच्या चेनमध्ये गेलं होतं, तू नऊ वर्षांचा होतास. आबांनी बस डेपोत सोडून, युनिफॉर्मवर, तुला उचलून दवाखान्यात नेलं होतं. तुझं रक्त त्यांच्या खाकी शर्टावरून कधीच गेलं नाही, आई तो शर्ट पुसायला वापरायची.

मी टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. उजवा कान, असं पहिल्याच पत्रात मी माझ्या हातानं लिहिलं. उजव्या हाताच्या माणसाची थप्पड डाव्या गालावर बसते, एवढं मला कळलं नाही. तू डावखुरा, कोपर लागतं म्हणून आई तुला जेवायला नेहमी ओळीत डाव्या टोकाला बसवायची. तरी नाही कळलं. मनात आलंच नाही रे ते. तू भित्रा, मतलबी, नालायक, सगळं मनात आलं होतं. हे नाही.

मग आवाज सुरू झाला. आबांचा चेहरा चित्राच्या बाहेर गेला होता तो परत आला, आणि पहिलं वाक्य त्यांचंच होतं. "साहेब, चुकलं माझं." तुला म्हणाले ते, साहेब. तिथे कुणाला नातं कळू नये म्हणून, मार खाल्ल्यावरही. मागून तुझा साहेब हसला, "बघ, कसा सुतासारखा सरळ आला." तेही आलं आहे, स्वच्छ.

मॅडमनी थांबवलं. माझ्यासाठी पाणी मागवलं. आबांना नको होतं.

मग त्यांनी जबाब घ्यायला सुरुवात केली. नोंद वाचली, "कॅमेरा क्रमांक अमुक, धारक समाधान भीमराव ओव्हाळ." वाचता वाचता थांबल्या. आबांच्या अर्जावरचं नाव बघितलं. हळू आवाजात विचारलं, "बाबा, हे मधलं नाव तुमचंच दिसतंय. हा कोण तुमचा?"

आबा म्हणाले, "आमच्यात घरटी एक भीमराव असतो, मॅडम. हा माझा नाही."

मॅडमनी दोन्ही नावं पुन्हा एकदा बघितली. मग तसंच लिहून घेतलं. आबांनी ते वाचून बघितलं आणि खाली सही केली.

बाहेर आल्यावर मी भडकले. म्हटलं, अजून वाचवताय त्याला? ते फुटपाथवरच थांबले. डावा कान माझ्याकडे केला, मला परत बोलायला लावलं आणि म्हणाले, "वाचवायचं असतं तर सही केली असती का?"

त्यांना माहीत होतं. "तीस वर्षं वाचल्याशिवाय ड्युटीच्या कागदावर सही केली नाही मी. तुझ्या चार कागदांवर करेन?" मी विचारलं, मग आधी का नाही केली? म्हणाले, "वाट बघत होतो. तेवीस दिवस. त्यानं घरी येऊन नुसतं पाणी मागितलं असतं ना, तरी मी जन्मभर तोंड उघडलं नसतं. बायकोला पाठवलं त्यानं. पोळ्या देऊन."

मग बस आली. त्यांना जागा मिळाली, मी उभी राहिले.

तर आता असं आहे. चित्रीकरणाचा प्रकार बदलून 'बळाचा वापर' झाला आहे, तीन वर्षं राहील. तुझी आणि साहेबाची चौकशी लागली आहे. साहेब म्हणेल मी हात लावला नाही, आणि खरं बोलेल. तो तुला एकट्याला पुढे करील, हे मला आत्ताच दिसतं आहे. आबांचा गुन्हा टिकणार नाही, असं वकील म्हणतात. मला जे हवं होतं ते सगळं, हवं होतं त्याहून जास्त, झालं. माझा राग उतरलेला नाही. तुझ्यावर दगड पडला तरी मी आज उठून येणार नाही. फक्त काल जेवणं झाल्यावर मी तुझ्या त्या बोटावरून रडले, ते एक कळवते, कारण बाकीचं सगळं कळवलं आहे.

आज संविधान दिन. आबा सकाळी पांढरा सदरा घालून विहारात गेले, दरवर्षीप्रमाणे उद्देशिका त्यांनीच वाचली. आवाज फार मोठा लागला. स्वतःचा आवाज त्यांना आता कमी ऐकू येतो.

आल्यावर मी हे पत्र लिहायला बसले होते. ते शेजारी बसून पेपर वाचत होते. पाकिटावर नेहमीसारखं तुझं पूर्ण नाव घालायला घेतलं. 'समाधान' लिहिलं आणि पेन थांबलं. विचारलं, "आबा, पुढे काय लिहू?"

त्यांनी पेपर खाली केला नाही.

"दारावरच्या पाटीवर आहे तेवढंच लिही," म्हणाले.

दीक्षा